पाचवी ओंजळ

शकुबाईच्या हातात एकच गोष्ट होती आणि ती तिनं पाच महिने घट्ट धरून ठेवली होती. लेकीची ओटी.

बाकी सगळं पुरुषांचं. बैठक त्यांची, पानसुपारी त्यांची, "जाऊ द्या, होतं असं" म्हणायचं तोंडही त्यांचंच. पण लेक सासरी निघाली की तिच्या पदरात गव्हाच्या पाच ओंजळी आणि खण-नारळ घालायचा तो मायनं. त्याच्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. ही रीत शकुबाईच्या डोंगरकडा गावची, आणि तिच्या लेकीला, पुनमला, जिथं दिली त्या गोरेगावचीही. रीती बायकांच्या गळ्यात बांधायलाच केलेल्या असतात म्हणा. पण एखादी चुकून बाईच्या कामी येते, आणि आली की शकुबाईसारखी बाई ती सोडत नसते.

पुनम दिवाळीला माहेरी आली तेव्हा दोन दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी शकुबाई चुलीपुढून हाका मारून मारून कावली. "बहिरी झालीस का गं?" पोरगी म्हणाली, "व्हय." नांदेडच्या डॉक्टरनं कानात बॅटरी मारून पाहिलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. जोरात थप्पड बसली की फाटतो तसा, असं डॉक्टर तोंडावर म्हणाला. जावई स्वप्निल फोनवर म्हणाला, न्हाणीत पाय घसरला तिचा. न्हाणीत पडल्यावर माणसाचं ढोपर फुटतं, कंबर धरते. कान कुठं फुटतो रे मुडद्या? शकुबाईनं हे त्याला विचारायच्या आत त्यानं फोन ठेवून दिला होता.

पुनमचा सासरा संपतराव, म्हणजे शकुबाईचा इवाई, तेव्हापासून दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा चार माणसं संगं, अंगावर कडक इस्तरी आणि जिभेवर साखर. "लेकरं हाइत, शकुबाई. भांड्याला भांडं लागतंच."

"भांड्याला भांडं लागलं तर आवाज येतो, इवाई," शकुबाई आतून ओरडली. "माझ्या लेकीला तर आवाजच येईना झाला. स्वप्निलला इथं आणा. चार माणसांत म्हणू द्या, मी मारलं. मग पुढचं पुढं. तवर मी ओटी भरणार न्हाई."

स्वप्निल काही आला नाही. आणि संपतरावाला सून रिकाम्या ओटीनं नेववेना. त्याच्या चुलत्यानं एकदा भांडून तशी बायको आणली होती आणि त्या घरी पुढं पाळणा हलला नाही, असं तो स्वतःच चार ठिकाणी सांगायचा. माणूस सुनेच्या कानाला भीत नव्हता, पण गव्हाच्या पाच ओंजळींना भीत होता. भिऊ दे, शकुबाई म्हणायची. कशाला तरी भितो हे काय कमी हाय.

घरात नवरा अमृतराव धुमसत होता. तो यावर्षी यात्रा कमिटीचा अध्यक्ष, फेटा बांधून हिंडणारा माणूस. लेक घरी बसलेली, लोकं विचारतात. पुण्याला कंपनीत असलेल्या पोराचं, रामचं, जमत आलेलं लग्न अडून बसलं. "बहीण माघारी आलेलं घर म्हणतेत लोकं आपल्याला," अमृतराव म्हणायचा. "आणखी किती दिस तुझा हट्ट चालायचा?"

"कान भरून येईस्तोवर," ती म्हणायची. तो ताटावरून उठून जायचा.

हे असं चालू असताना विश्वंभर सर नाटक घेऊन दारात आले. सर हायस्कूलला मराठी शिकवायचे. चैत्रात यात्रेला दरसाल गावचं नाटक व्हायचं आणि दरसाल बाईचं काम मिशा काढून कुणीतरी बाप्या करायचा. लोक खिदळायचे. यंदा सरांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. शेवट वाईट होता, लेक मरते, आणि ते खिदळण्यावारी जाऊ नये म्हणून त्यांना खऱ्या बायका पाहिजे होत्या. नाटकही दिवसाउजेडी, दुपारी चारला ठेवलं, म्हणजे बायका येतील आणि धारा काढायला परत जातील. नाटकातल्या मायचं काम शकुबाईनं करावं, कारण गावात तिच्याएवढा आवाज कुणाचा नाही, असं सर म्हणाले. तो मान होता की टोमणा, हे शकुबाईनं फार तपासलं नाही. लेकीचं काम नीलाबाईच्या कोमलला दिलं, ती कॉलेजात जात होती. आणि पुनम वही घेऊन कडेला बसायला लागली, कुणी वाक्य विसरलं की सांगायला. दिवाळीपासून पोरगी पहिल्यांदा कशात तरी गुंतलेली दिसली, म्हणून शकुबाईनं ते काम पत्करलं. खरं कारण एवढंच.

तालीम शाळेच्या वर्गात चालायची. सगळं बराबर चाललं होतं, पण ओटीचा प्रवेश आला आणि शकुबाईचं डोकं सटकलं.

प्रवेश असा. लेक सासरी निघालीय. तिला मायला काहीतरी सांगायचंय. काय सांगायचंय ते समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक, कारण मागच्या प्रवेशात सासरघरी काय चालतं ते त्यांनी पाहिलंय. माय ओटी भरायला घेते. एकेक ओंजळ, एकेक उपदेश. थोरामोठ्यांचं ऐक. उलटून बोलू नको. कामाला मागं सरू नको. काही झालं तरी घरातलं घरात ठेव. सुखानं नांद. परत्येक ओंजळीनंतर लेक बोलायला तोंड उघडते, आणि परत्येक वेळी मायची पुढची ओंजळ पडते. पाच झाल्या की लेक वळते आणि जाते. पुन्हा दिसते ती तिरडीवर.

"असली कसली माय ही?" शकुबाई कडाडली. "लेकीचं तोंड दिसून राहिलं, डोळे दिसून राहिले, आन् ही बया गहू ओतून राहिली? मी असते तर ताट भिरकावलं असतं!"

"तेच तर पाहिजे, काकू," सर म्हणाले. "समोरच्या परत्येक माणसाला तेच वाटलं पाहिजे. भिरकाव बाई, भिरकाव ते ताट. आणि तुम्ही भिरकवायचं नाही."

"काहून न्हाई?"

"भिरकावलं तर पोरगी वाचली. नाटक तिथंच संपलं. लोक घरी जाऊन जेवतील."

"मग जेवू द्या की लोकायला! चांगलंच हाय!"

वर्गातले सगळे हसले. सर हसले नाहीत. ते उठले आणि रिकामं ताट हातात घेऊन स्वतः करून दाखवायला लागले. "पहिली ओंजळ झटकन टाकायची, घरात कामं पडलीत अशी. दुसरी जरा सावकाश. तिसरीला लोकांना कळलं पाहिजे की या मायला सगळं दिसतंय. चौथीला लेकीला कळलं पाहिजे की मायला दिसतंय, आणि तरी ती थांबत नाही. आणि पाचवी ओंजळ भरून घ्यायची अन् टाकायची नाही. तशीच धरायची. मनात दहा आकडे मोजायचे. त्या दहा आकड्यांसाठी मी अख्खं नाटक लिहिलंय. तिथं कुणी ओरडत नाही, कुणी मारत नाही, सगळे रीतीनं वागतात, म्हणून बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आणि रडायचं नाही हं, काकू. तुम्ही रडला की लोकही रडून मोकळे होतात. त्यांना मोकळं होऊ द्यायचं नाही."

"ते सगळं खरं," शकुबाई म्हणाली, "पण ते चौथं वाक्य मी म्हणणार न्हाई. घरातलं घरात ठेव. असं कोणती माय म्हणती?"

"आमच्या मायनं म्हटलं होतं," सर म्हणाले. "माझ्या बहिणीला. मी तिथंच होतो."

सरांची बहीण विहिरीत सापडली होती हे गावात सगळ्यांना माहीत होतं, त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि त्यावर कुणी बोलत नसे. घरातलं घरात ठेवण्यात आख्खं गाव पटाईत. शकुबाईनं ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि गुमान उभी राहिली. पण राग काही गेला नाही. उलट त्याला आता धरायला जागा मिळाली. रोज ती वाळूनं कोमलची ओटी भरायची, रोज चौथं वाक्य म्हणायची, आणि रोज सरांच्या त्या मेलेल्या मायला मनात शिव्या घालत घरी यायची.

एकदा अशीच चालली होती, पुनम डाव्या अंगाला. मायच्या बाजूला नेहमी चांगला कान असावा म्हणून पोरगी तशीच चालायची. मधेच म्हणाली, "माय, त्या लेकीला जायाचं नसतं."

"दिसतं की ते."

"मला बी न्हाई जायाचं. तुला सांगून ठेवते. मला कुणी इचारलंच न्हाई म्हणून."

पाच महिने ती लेकीसाठी सगळ्या जगाशी भांडली होती आणि लेकीला एका शब्दानं विचारायचं राहिलं होतं. तिला स्वतःचाच इतका राग आला की रस्त्यातल्या धोंड्याला लाथ मारली आणि चपलेचा अंगठा तुटला. "न्हाई जायचं तर न्हाई जायचं," ती म्हणाली. "मी जित्ती हाय तवर कोण नेतं तेच पाहते."

यात्रेचा दिवस उजाडला. सकाळी अमृतराव बाहेरून आला तो तोंड पाडून. "नीलाबाईच्या कोमलला ताप भरलाय. उठता येईना तिला. आता नाटकाचं कसं?" मग स्वतःच म्हणाला, "पुनमला करू दे की. तिला पाठच हाय सगळं."

शकुबाईला नवल वाटलं. या माणसानं महिनाभर नाटकाला 'थेरं' सोडून दुसरा शब्द वापरला नव्हता. पुनम मात्र एका पायावर तयार झाली. पोरीचा चेहरा उजळलेला पाहिला आणि शकुबाईनं पुढं विचार केला नाही. दुपारी अमृतरावानं आणखी कमाल केली. पायलीभर नवा गहू, नवाकोरा हिरवा खण, नारळ, हळकुंड, सगळं पाटीत घालून स्वतः आणून दिलं. "वाळू काहून? देवाच्या दारात नाटक हाय. खरंच असू दे."

शकुबाई विरघळली. खोटं कशाला बोला, तिला वाटलं, माणूस अखेर निवळला. लेकीचं कौतुक वाटायला लागलं बापाला. चाळीस वर्षं शेतात काढलेली बाई, आभाळाकडं बघून पाऊस सांगायची, पण शेजारी निजणाऱ्या माणसाचं तिला कळलं नाही.

देवळापुढच्या मैदानात दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. पुढं खुर्च्या मानकऱ्यांच्या, मागं सतरंज्यांवर बायका, त्यांच्यामागं उभे बाप्ये. शकुबाई ट्रॉलीमागं कनातीच्या आडोशाला बसून तोंडाला पावडर लावून घेत होती आणि माईकवर नाव ऐकू आलं. "आजचे प्रमुख पाहुणे, गोरेगावचे प्रतिष्ठित शेतकरी संपतरावजी..."

पुनमच्या हातातली बांगडी अर्ध्यावरच थांबली. शकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी बोलावलं त्याला? अमृतरावानंच! त्याच्याशिवाय कोण!" ती उठून चाललीच होती, पण सर आडवे आले. हात जोडून म्हणाले, "काकू, पाचशे माणूस बसलंय. आता नको."

ती थांबली. आणि थांबल्यावर तिला एक विचार सुचला, तो तिला फार भारी वाटला. बसू दे त्याला पुढं. बघू दे. असा करते तो प्रवेश की घास उतरला नाही पाहिजे मुडद्याच्या घशाखाली. सगळ्या गावापुढं त्याची मान खाली घालायला लावते. "चल गं," ती पुनमला म्हणाली. "आज सोडायचं न्हाई."

मागचे प्रवेश झाले. लोक गप्प बसले होते, हे नवलच. पोरांनाही आया दाबून धरत होत्या. मग ओटीचा प्रवेश आला. मधोमध पाट, पाटावर पुनम, पदराची झोळी दोन्ही हातांनी धरून. शकुबाई ताट घेऊन पुढं उभी राहिली.

"थोरामोठ्यांचं ऐक, बाई." पहिली ओंजळ झटकन टाकली. पुनमनं बोलायला तोंड उघडलं. पुढच्या खुर्चीत संपतराव बसला होता, शेजारी फेटा बांधलेला अमृतराव. दोघांच्याही सत्काराच्या शाली उकाड्यापायी मांडीवर पसरलेल्या. संपतरावानं करंगळी दुमडली. शकुबाईला वाटलं, माशी हाकलली असंल.

"उलटून बोलू नको." दुसरी ओंजळ. सतरंजीवरून कुणीतरी "मायबाई" म्हणालं. संपतरावानं दुसरं बोट दुमडलं. हा मोजतोय. नाटक बघताना माणूस मोजतं कशाला? तिची नजर त्याच्या डोक्यावरून मागं गेली आणि तिथं उभ्या गर्दीत तिला कोमल दिसली. ताप भरलेली, उठता न येणारी कोमल लाल बर्फाचा गोळा चोखत उभी होती.

शकुबाईचे हात ताटात होते. तिसरी ओंजळ भरून वर आली ती सवयीनं. महिनाभर तालीम केलेले हात ते, त्यांना मालकिणीची गरज नव्हती. "कामाला मागं सरू नको," तोंड म्हणालं. आणि कोमलच्याही मागं, पिंपळाखाली, गोरेगावची जीप उभी होती. टपावर एक बॅग बांधलेली. तपकिरी, चेन तुटलेली, हिरव्या नायलॉनच्या दोरीनं आवळलेली. पुनमच्या बॅगेला ती दोरी दिवाळीत शकुबाईनंच आवळली होती.

सगळं तिला एका दमात कळलं. खरा गहू काहून आणला. खण नवा काहून. कोमलचा ताप कुठून आला. मायनं ओटी भरली, पाच ओंजळी, खण-नारळ, देवाच्या दारात, पाचशे माणसांच्या साक्षीनं. नाटकात भरली काय अन् घरात भरली काय, गहू तर गहूच. प्रवेश संपला की पोरगी ट्रॉलीवरून उतरेल आणि संपतराव म्हणेल, भरली की ओटी, बसा जीपमधी. आणि कुणाचं तोंड उघडणार? तिनं ज्या गोष्टीला पाच महिने कवटाळलं होतं ती नवऱ्यानं तिच्याच हातून, तिच्याच हौसेनं काढून घेतली होती. केसानं गळा कापला मेल्यानं. आणि ती? ती तोंडाला पावडर लावून त्याच्या हाती कात्री द्यायला आली होती.

खाली बायकांना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की माय ताटावरून डोळे उचलून लांब कुठंतरी बघतेय.

चौथी ओंजळ तिनं भरली तेव्हा ती पुनमवर वाकली, उजव्या कानापाशी. वाक्य होतं, घरातलं घरात ठेव. ते ती म्हणाली नाही. तिनं पोरीच्या कानात सांगितलं, "जीपवर तुझी बॅग बांधलीय. बापानं. ही ओटी खरी हाय."

गहू पडला. पुनमच्या हातातला पदर असा हलला की चार दाणे पाटावर सांडले. तिनं वर पाहिलं. ते बघणं कुठल्या सरानं शिकवलेलं नव्हतं. सतरंजीवर एक म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "आगं, सांग ना गं तुझ्या मायला! बोल ना!" आणि दुसरी तिच्यावर खेकसली, "गप्प बस, ऐकू दे!" संपतरावाचं चौथं बोट दुमडलं. अमृतराव मात्र डोळे पुशीत होता. खरंच रडत होता तो, फेट्याच्या शेवटानं. नाटकातल्या लेकीसाठी! शकुबाईला ते दिसलं आणि तिचं उरलंसुरलं हळवेपण जळून गेलं.

तिनं पाचवी ओंजळ भरली आणि धरली.

एक, दोन, तीन. कनातीमागं सरांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. सात, आठ. खुर्च्यांवरची माणसं पुढं सरकली होती. दहा झाले. शकुबाई हलली नाही. सर कुजबुजले, "काकू, टाका." ती हलली नाही. "पाचवी, काकू!" आता वाक्य विसरली असं वाटून ते वही चाळायला लागले. खाली लोकांना वाटलं, हेही नाटकातच आहे. संपतरावाचा अंगठा उघडा, वाट बघत. ताट भिरकावता आलं असतं. पण भिरकावलेला गहू मातीत गेला असता, बाईचं डोकं फिरलं म्हणून लोकांनी हळहळ केली असती, आणि उद्या पुन्हा बैठक बसली असती. गहू कुणाच्या तरी पदरातच पडायला पाहिजे होता.

शकुबाई वळली. ट्रॉलीला लावलेल्या स्टुलावरून ती खाली उतरली, दोन्ही हात जुळलेले, दाणा न सांडता. चार पावलं चालून ती नवऱ्यापुढं उभी राहिली. अमृतराव डोळे पुसायचा थांबला.

तिनं ओंजळ त्याच्या मांडीवरच्या शालीत रिती केली.

"घ्या," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक नव्हताच कधी, आज तर माईकची गरज नव्हती. "ही पाचवी तुमची. गोरेगावला लई निकड लागलीय ना माणसाची? तुमीच जा नांदायला. एक कान फोडून घ्या, मग या सांगायला, भांड्याला भांडं लागतंच म्हणून. नारळ बी आणू का?"

मग सतरंजीवरून एक बाई फिसकन हसली, तिच्यामागं दुसरी, आणि मग ते हसू मैदानभर पसरलं. पण ते खिदळणं नव्हतं. त्या हसण्याला धार होती आणि पुढच्या खुर्च्यांवरच्या कितीकांना ती लागली. शकुबाईनं त्यांच्याकडं वळून पाहिलं. "मघाशी रडून राहिले व्हते न्हाई का सगळे? नाटकातल्या लेकीला रडता, आन् माझ्या लेकीची बॅग टपावर बांधता? ते पाहा, पिंपळाखाली! पाहा की!"

पाचशे माना मागं वळल्या. कोमलनं गोळा पाठीमागं लपवला.

संपतराव ताडकन उठला. "हा काय चाळा लावलाय? अमृतराव, उठा. चला."

अमृतराव उठायला गेला. मांडीवरचा गहू घसरला आणि सतरंजीवरच्या बायका एका तोंडानं ओरडल्या, "आवं, सांडू नका! भरली ओटी हाय! अपशकुन व्हतो!" आणि तो घाबरून खाली बसला. दोन्ही हातांनी शालीची टोकं गोळा करून, मूग गिळून, फेट्यासकट. संपतराव त्याच्याकडं बघत राहिला. त्याच्यानंही हात लावून उठववेना. भरल्या ओटीला कोण हात लावणार?

ट्रॉलीवर पुनम गुडघ्यावर बसली. पदरातल्या चार ओंजळी तिनं सावकाश ताटात ओतल्या, चिकटलेला दाणान्‌दाणा झटकून. ताट सरांच्या हातात दिलं. सरांच्या नाटकाचं वाटोळं झालं होतं आणि ते ताट छातीशी धरून उभे होते. मग ती उतरली आणि बायकांच्या मधून चालायला लागली. बायका पाय आखडून घेत वाट करून देत होत्या. जीपपाशी पोचून तिनं टपाला हात घातला आणि बॅग खाली ओढली.

"ओ ताई," ड्रायव्हर म्हणाला, "ती गोरेगावला न्यायची हाय. पाव्हण्यांनी सांगितलंय."

"मी न्हाई जात," पुनम म्हणाली. हळू नाही, मोठ्यानं. पार खुर्च्यांपर्यंत ऐकू गेलं.

संपतरावाचं तोंड कसं झालं ते बघायला शकुबाईला वेळ नव्हता. गर्दीतून वाट काढत ती लेकीच्या बॅगेचा दुसरा बंद धरायला निघाली होती, आणि अमृतराव मांडीवरचा गहू सांभाळत तिथंच बसून होता.